तवा घासायची भुकटी

सकाळी पाच वाजून दहा मिनिटं. बेबीनंदाची पहिली रांग झाडून झाली होती. बायपासवरच्या या ट्रकतळावर जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांकडे जाणारे भंगाराचे ट्रक रात्रभर उभे असतात. ते हलले की खाली काळी, पिठासारखी बारीक भुकटी उरते.

घरी गॅस आला आणि चुलीची राख संपली. तेव्हापासून, म्हणजे नऊ वर्षं, बेबीनंदा ही भुकटी चाळून भांडी घासायला घरी न्यायची. करपलेला तवा दोन हात मारले की लख्ख निघायचा. घरी लहान लेकरू असलेला मुकादम कल्याणही महिन्याला एक डबा मागून न्यायचा. पाच वर्षांची नात पायल हौसेनं आजीशेजारी घासायला बसायची आणि तीच बोटं तोंडात घालायची.

मार्चमध्ये कॉलेजच्या मुलांनी भुकटीचे नमुने नेले. अहवाल एप्रिलमध्ये मुकादमाकडे आला: शिसं भरपूर, पोटात गेलं तर लेकरांच्या मेंदूला विष. बेबीनंदाला ते कळलं ऑगस्टमध्ये. त्या मुलांपैकी भावनानं तिच्या हातात भुकटीचा डबा पाहिला, तिथंच थांबवलं आणि सगळं सांगितलं. दुसरा नमुनाही तसाच निघाला, तर इथल्या कामगारांच्या लेकरांचं रक्त तपासायला दवाखाना तयार होता. नाही निघाला, तर विषय बंद.

आज कल्याण नवा पाईप घेऊन आला.

"मावशी, उद्या नऊला नमुनेवाले येऊन राह्यलेत. पाचलाच पाणी मारा, भुकटी धुऊन काढा. तळ बिलकुल चकाचक पाहिजे."

"एप्रिलात कागद आल्ता ना तुमच्याकडं?"

"आल्ता. इंग्रजीत व्हता. कुणाला कळतंय?"

"घरी भांडी कशानं घासता आता?"

"साबणानं. का?"

"एप्रिलापास्नं डबा न्हाई मागितला तुम्ही. न कळताच बंद केला का?"

कल्याण खिशात मोबाईल शोधू लागला. "वरून सांगितलंय मावशी. मी काय करू?"

"तुमच्या लेकराला वाचवलं, ते बराबर केलं. माझ्या पायलनं काय घोडं मारलं व्हतं?"

"मावशी, काम जाईल हां."

"तोंडी नगं. तळ धुतला न्हाई तर काम जाईल, असं लिहून द्या. मराठीत."

त्यानं लिहून दिलं नाही. तळावर झाडणारी ती एकटीच, आणि नळाच्या खोलीची किल्लीही तिच्याकडेच असते.

उद्या पाचला ती कामावर असेल. ऑफिस, गेट आणि संडास झाडेल. ट्रकांच्या चारही रांगांना नऊपर्यंत ना खराटा लागेल, ना पाणी.