टाचणीच्या कार्डावर नवऱ्याचं नाव

भिडस्त माणसाशी संसार करून बघा एकदा, म्हणजे टाचणीला लोक तोंडाळ का म्हणतात ते कळेल. बिचारीला काय हौस होती? टाचणी हे तिचं खरं नाव नव्हे. ती कपडे दुरुस्त करून द्यायची. पँट आखूड कर, कोटाची चेन बदल, उसवलेला खिसा शिव, असली कामं. दिवसभर ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या, आणि त्या काढल्या की जे शब्द बाहेर पडायचे तेही टोचायचे. म्हणून गल्लीने ठेवलेलं हे नाव.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. अकराव्या मजल्यावर अंधाऱ्या भुयारात लोंबकळत काम करणारा हा गडी कुणी समोर येऊन तोंड वेंगाडलं की पार विरघळायचा. कामावरच्या एका सोबत्याने गाडीसाठी कर्ज काढलं, हा जामीन राहिला. सोबती गाडीत बसून जो गेला तो गेलाच. बँक आली याच्या दारात. मग याने एका कार्डाचं देणं दुसऱ्या कार्डातून भरलं, दुसऱ्याचं तिसऱ्यातून, आणि बायकोला हे सगळं कधी कळलं? तर वसुलीवाल्याचा फोन तिने उचलला तेव्हा! पोटाला चिमटे काढून दोघांनी सगळं फेडलं. पण नवऱ्याचा क्रेडिट स्कोअर गाळात गेला तो तिथेच रुतून बसला.

टाचणीचं स्वतःचं एकच कार्ड होतं. दोरे, चेनी, अस्तराचं कापड तेवढं त्यावर घ्यायचं आणि बिल आलं की त्याच दिवशी भरून टाकायचं. इतक्या वर्षांत एकदाही उशीर नाही. बँकेतल्या बाई तिला म्हणाल्या होत्या, "तुमचा स्कोअर आमच्या साहेबांपेक्षा चांगला आहे." हे वाक्य तिने निदान पन्नास जणांना ऐकवलं होतं.

आता झालं असं, की समोरच्या इमारतीत तळमजल्यावरची एक खोली विकायला निघाली. रस्त्याकडे दार, मोठी खिडकी, आत नळ. टाचणीचं मशीन घरात पलंग आणि कपाट यांच्या मधल्या फटीत होतं. गिऱ्हाईक आलं की नवऱ्याने जेवणाचं ताट घेऊन स्वयंपाकघरात पळायचं. त्या खोलीवर तिचा इतका जीव जडला होता की मशीन कुठे, आरसा कुठे, कापायचं टेबल कुठे, सगळं तिने मनात मांडून ठेवलं होतं. मालकीणबाई त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायच्या. निवृत्त शिक्षिका होत्या आणि टाचणीवर त्यांची माया होती. त्या म्हणाल्या, "मला घाई नाही. वर्षअखेरपर्यंत थांबते तुझ्यासाठी. तोवर कर्जाचं बघ."

नवऱ्याला घेऊन ती बँकेत गेली. तिथल्या बाईंनी कागद चाळले आणि मान हलवली. एकटीच्या कमाईवर एवढं कर्ज बसत नव्हतं. नवऱ्यालाही अर्जात घ्यायला हवं, आणि नवऱ्याचा स्कोअर तर असा.

"एक करता येईल," बाई म्हणाल्या. "तुमच्या कार्डावर यांचं नाव घाला. ॲड-ऑन कार्ड देतो आम्ही यांना. तुमचं चांगलं वळण हळूहळू यांच्याही नावावर दिसायला लागेल. मात्र थोडंच वापरायचं आणि वेळेवर पूर्ण भरायचं."

"म्हणजे माझ्या चांगलेपणाचा यांना लाभ."

"तसंच."

"आणि यांच्या वागण्याचा मला?"

बाई हसल्या. "तोही होतो हो. कार्ड तुमचं, तेव्हा यांनी केलेला खर्चही तुमच्याच नावावर. म्हणून तर विश्वासातल्या माणसालाच द्यायचं असतं."

टाचणीने नवऱ्याकडे बघितलं. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

कार्ड आलं. टाचणीचा बेत असा, की ते आपल्याच कपाटात राहील. पण नवऱ्याने ते हातात घेतलं, त्यावरचं आपलं नाव अंगठ्याने पुसल्यासारखं केलं आणि म्हणाला, "किती दिवसांनी असं काही माझ्या नावाचं आलंय गं." आता यावर माणसाने काय बोलावं! तिने देऊन टाकलं. वर बजावलं, "फक्त पेट्रोल. दुसरं काही घेतलंत तर याद राखा."

"नाही गं बाई. फक्त पेट्रोल."

आणि खरंच की! स्कोअर चढायला लागला. दर महिन्याला नवरा फोनवर आकडा बघायचा आणि पहिल्या नंबराने पास झालेल्या पोरासारखा घरभर सांगत फिरायचा. घरात होतं कोण ऐकायला? टाचणीच. तीही मग त्याच्या बशीत एक बिस्कीट जास्त ठेवायची. बँकेतल्या बाई म्हणाल्या, "अजून दोन महिने असंच चालू द्या, मग अर्ज करू."

त्यानंतरचं बिल बघून टाचणीच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या.

टायर. मिक्सर. वॉशिंग मशीन. चष्मा. कुणाच्या तरी मेहुणीचा मोबाइल. कार्डाची मर्यादा जवळजवळ काठोकाठ भरलेली.

"हे काय आहे?" तिने विचारलं. आवाज अगदी हळू होता, आणि तिचा आवाज हळू झाला की नवऱ्याला घाम फुटायचा.

"अगं, आमच्या वर्कशॉपमधले... मी त्यांना सांगितलं होतं, की कार्ड वापरलं तरच बँकेला दिसतं. तर ते म्हणाले, मग आमची खरेदी तुझ्या कार्डावर कर, आम्ही तुला रोख देतो. तुझंही काम होईल."

"तुझंही काम होईल! आणि तुम्ही केलंत?"

"बँकेतल्या बाईच म्हणाल्या ना, वापरा म्हणून."

"थोडं म्हणाल्या होत्या! थोडं! रोख कुठंय?"

"काहींनी दिली. काही पगार झाला की देणार आहेत."

"दिली ती कुठंय?"

नवरा जमिनीकडे बघायला लागला. वर्कशॉपच्या रखवालदाराला घरभाडं द्यायचं होतं. त्याने मागितले, याने देऊन टाकले.

टाचणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती इतकी बोलली, इतकी बोलली, की वरच्या मजल्यावरच्यांनी टीव्ही बंद केला. बँकेत गेली तर तिथे आणखी वाईट बातमी. कार्ड एवढं भरलेलं दिसल्यामुळे नवऱ्याचा स्कोअर घसरलाच, पण तिचाही घसरला. तिचा! साहेबांपेक्षा चांगला असलेला! काउंटरसमोरच्या खुर्चीवर बसून टाचणीला भर बँकेत रडू फुटलं. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "अहो, एवढं काही बिघडलेलं नाही. हे सगळं वेळेत भरून टाका. कार्ड रिकामं झालं की दोघांचेही आकडे परत वर येतात."

मग काय, पगाराच्या दिवशी दुपारी गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून टाचणी थेट वर्कशॉपमध्ये. लिफ्टच्या दोरखंडांच्या भेंडोळ्यावर बैठक मारली आणि बिलातली नोंदन् नोंद मोठ्याने वाचायला लागली. "वॉशिंग मशीन कुणाचं?" वेल्डरने हळूच हात वर केला. "निम्मे आता देतो वहिनी, निम्मे पुढच्या महिन्यात." "मग निम्मं मशीन आणून द्या माझ्या घरी. कुठलं निम्मं आणता?" सगळे हसले आणि वेल्डरचं पाकीट उघडलं. टायरवाल्याने दिले. मेहुणीच्या मोबाइलवाल्याने तोंड कडू करून का होईना दिले. रखवालदार पुढे आला तेव्हा मात्र तिने त्याच्या झिजलेल्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही जमेल तसे द्या." तेवढे तिने आपल्या शिलकीतून घातले. नवरा हे सगळं होईपर्यंत एका खांबाला टेकून उभा होता. चेहरा असा, की जमीन दुभंगली असती तर आनंदाने आत गेला असता. त्या रात्री त्याने कार्ड आपणहून तिच्या मशीनवर आणून ठेवलं. त्यानंतर तो फार बोलेना.

टाचणीला वाटलं, बरं झालं, अद्दल घडली.

बिल भरलं. पुढचे दोन महिने कार्डावर पेट्रोल आणि दोरे, बाकी काही नाही. आकडे वर आले. आधी तिचा, मागोमाग त्याचा. बाईंनी अर्ज घेतला आणि वर्ष संपायला पंधरवडा असताना फोन आला, कर्ज मंजूर. टाचणीने हातातली पँट टाकली आणि एका दमात समोरच्या इमारतीचे जिने चढली.

मालकीणबाईंनी दार उघडलं. टाचणीचा चेहरा बघून त्याच गोंधळल्या. "अगं, पण खोली तर मी दिली. झेरॉक्सवाल्याला. मागच्याच आठवड्यात कागद झाले."

"दिली? वर्षअखेरपर्यंत थांबणार होतात ना तुम्ही?"

"थांबलेच असते गं. पण तुझे यजमान आले होते की, दोन महिन्यांपूर्वी. म्हणाले, आमच्यासाठी खोळंबून राहू नका. माझ्यामुळे बँक काही कर्ज देणार नाही, उगीच तुमचं नुकसान नको. मला वाटलं, तूच पाठवलंस. तुला वाईट वाटेल म्हणून मीही विषय काढला नाही."

टाचणी जिना कसा उतरली तिलाच ठाऊक नाही.

संध्याकाळी नवरा आला, हातपाय धुऊन बसला. तिने चहा ठेवला नाही. उभ्या उभ्या सांगितलं, "कर्ज मंजूर झालं."

त्याने मान वर केली. आधी चेहऱ्यावर आनंद आला, आणि मग त्या आनंदाचं जे काही झालं ते बघवेना.

"झालं?" तो म्हणाला. "माझं नाव असूनही?"

"तुमचं नाव असूनही. आणि खोली गेली. तुम्ही घालवलीत." तिचा आवाज चढला. "मला एका शब्दाने विचारावं असं वाटलं नाही तुम्हाला? मी इकडे दोन महिने एकेका रिळाचा हिशेब करतेय, आणि तुम्ही तिकडे जाऊन आमचं काही होणार नाही म्हणून सांगून येताय! कशासाठी? कुणी मागितलं होतं?"

"कुणीच नाही."

"मग?"

"त्या दिवशी वर्कशॉपमध्ये तू सगळ्यांकडून पैसे गोळा करत होतीस ना," तो म्हणाला. "तेव्हा वाटलं, आता काही सुधारायचं नाही हे."

"हे म्हणजे? स्कोअर?"

"नाही. मी."

टाचणीला पुढे बरंच बोलायचं होतं. शब्द तयारही होते. पण ती मटकन पलंगावर बसली आणि डोळ्यांना पदर लावला. खोलीसाठी रडत होती की या माणसासाठी, तिला सांगता आलं नसतं. तो समोर तसाच उभा राहिला, हात कुठे ठेवावे ते न कळून.

"कार्डावरून नाव काढून टाक माझं," तो म्हणाला. "तुझं तरी नीट राहील."

"गप्प बसा!" ती ओरडली. "नाव घालताना बाईंनी काय सांगितलं होतं आठवतंय? विश्वासातल्या माणसालाच द्यायचं असतं म्हणून. मी काय ते ऐकलं नव्हतं? ऐकूनच घातलं ना?" तिने नाक पुसलं. "इतक्या वर्षांच्या संसारानंतरही तुम्हाला ते माझ्या तोंडून ऐकावं लागतं म्हणजे कमाल आहे!"