आईच्या ओट्याचं माप

आईचे गुडघे गेले होते. खाली बसून भाकऱ्या थापायच्या आणि उठताना भिंत धरून कण्हायचं, हे मला बघवेना. पिंपळीच्या आमच्या घरावर स्लॅब पडला तेव्हा मी हट्टच धरला, की उभ्यानं रांधायचा ओटा झालाच पाहिजे. बारामतीहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कडब्याच्या आधारानं कडाप्प्याची फरशी आली. काळीभोर, गुळगुळीत. आई तिच्यावरून सारखा हात फिरवत होती.

गवंडी म्हणाला, "रांधणारी बाई हितं उभी करा, उंची घेतो." दारातच आबा, म्हणजे माझे आजोबा, बसलेले. सासऱ्यांदेखत परक्या माणसानं आपलं माप घ्यायचं, हे आईला मरणाहून अवघड. डोईवरचा पदर ओढत तिनं मलाच पुढं ढकललं. "हिचं घ्या. हिचं न माझं येकच." कसलं एक! मी तिच्याहून वीतभर उंच. तरी मी शहाणी ताठ उभी राहिले. एवढी घोडी झाले होते, पण अक्कल म्हणून नव्हती.

त्याच वर्षी लग्न होऊन मी इंदापूरला गेले. दिवाळीला न सांगता आले, तर आई ओट्याशेजारी स्टोव्ह मांडून जमिनीवरच बसलेली! मी भडकले. "आगं, मग ह्यो ओटा काय पुजायला केलाय?"

"हाय की चांगला. सणाला वापरती."

मी तिला धरून ओट्यापाशी उभं केलं. कड पार तिच्या छातीपाशी आली. भाकरी थापायची तर खांदे कानाला भिडत होते.

"मग बोलली का न्हाईस?"

"तू येवढ्या हौसंनं करून घेतलास. कुठल्या तोंडानं सांगू?"

संक्रांतीला येते आणि ओटा उतरवून घेते, असं मी सांगून आले. संक्रांतीला जमलं नाही. उन्हाळ्यात बघू म्हटलं. उन्हाळ्याआधीच आई गेली. शेवटची अंघोळ घालताना तिच्या घोट्यांवरचे घट्टे हाताला लागले. बसून बसून पडलेले, काळे, टणक. माझा हात तिथून निघेना.

वर्षाच्या आत भावाचं लग्न उरकलं. पुढं मी माहेरी गेले, तर नवी भावजय ओट्यापाशी उभी राहून झपाझप भाकऱ्या थापत होती. चांगली उंच, माझ्याएवढीच.

"वन्सं, ओटा किती बेतशीर केलाय!" ती हसून म्हणाली. "जणू माझंच माप घेतलंय."

तिचा बिचारीचा काय दोष. "व्हय गं," म्हणाले, आणि परसात जाऊन हमसून हमसून रडले.