एकशे बाराचे पाचशे बारा

नव्वदीच्या मधल्या वर्षांत मी जळगावच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करत होते. लॅबमधला कॉम्प्युटर रडतखडत चालायचा. ‘रॅम वाढवली की पळेल,’ असा हट्ट मीच डॉक्टरांकडे धरला. धुळ्याहून मेकॅनिक आला, त्याने रॅमची बोटभर पट्टी बसवली आणि कॉम्प्युटर खरंच पळायला लागला. दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी तो मध्येच गोठला. मग रोज पाच-सहा वेळा. कधी पडदा निळा व्हायचा, कधी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू. मागच्या डाळ मिलची मोटर लागली की आमचे दिवे मंद व्हायचे, म्हणून मी आधी विजेला दोष दिला. स्टॅबिलायझर लावला, फरक नाही. मे महिना होता, म्हणून उन्हाचा संशय आला. झाकण काढून टेबलफॅन लावला, तरी तेच. डॉक्टरांना सांगायची छाती होईना. पट्टी माझ्या हट्टाने आली होती.

एका गुरुवारी डॉक्टर लग्नाला गेले. जाताना नेहमीसारख्या कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून ठेवल्या. पाचोऱ्याकडचे एक आबा तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तपासणीला आले होते. त्यांची साखर मीच तपासली, आकडा टाइप केला, साठवला, आणि कॉम्प्युटर गोठला. पुन्हा सुरू केला तर नोंद जागेवर होती. बरं झालं, परत टाइप करायला नको, म्हणून तशीच छापून आबांच्या हातात दिली. “आमना डॉक्टरले दखाडस,” म्हणत ते आपल्या डॉक्टरांना कागद दाखवायला पाचोऱ्याची गाडी गाठायला गेले.

दुपारी आमची प्रत फाइलला लावताना नजर पडली. साखर ५१२. मी रजिस्टर उघडलं. माझ्याच अक्षरात ११२.

पाचशेच्या वर साखर दिसली की डॉक्टर इन्सुलिन देतात. आणि एकशे बारावर ते दिलं तर माणूस बेशुद्ध पडतो, कधी उठतच नाही. आबा आतापर्यंत पाचोऱ्याला पोचले असणार.

लॅबच्या फोनवरून बाहेरगावी फोन लागत नसे. आबांची चिठ्ठी घेऊन कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर धावत गेले. आत एकजण कापसाच्या भावावर बोलत होता. “भाऊ, माणसाच्या जिवाचं काम आहे,” मी म्हटलं. त्याने लगेच रिसीव्हर माझ्या हातात दिला. चिठ्ठीवरचा पाचोऱ्याच्या डॉक्टरांचा नंबर एंगेज. पुन्हा एंगेज. तिसऱ्यांदा कंपाउंडरने उचलला.

“जळगावची तपासणी घेऊन एक आबा आलेत का?”

“बाकावर बसलेत. दोन नंबर बाकी आहेत.”

“त्यांना लगेच फोनवर बोलवा.” त्याने आबांना फोनवर बोलावलं.

“माले काय व्हयेल शे, बेटी?” आबांनी विचारलं.

“तुम्हाला काही झालेलं नाही, आबा. कागद चुकलाय. सुई घेऊ नका आणि फोन डॉक्टरांकडे द्या.”

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. “मी इथे परत तपासतो,” एवढंच म्हणाले. एकशे अठरा आल्याचं त्यांनी संध्याकाळी कळवलं.

लॅबमध्ये परतून मी प्लग काढला आणि ती पट्टी उपटली. टाइप केलेलं साठवेपर्यंत रॅममध्येच राहतं; पट्टीच बिघडलेली असेल तर आकडाही तिथेच बदलला असणार. मग पट्टी बसवल्यापासूनचा एकेक कागद रजिस्टरशी ताडून पाहिला. एका बाईच्या नावातलं अक्षर बदललेलं निघालं, बाकी आकडे सगळे बरोबर. तरी दुसऱ्यांदा पाहिले. कॉम्प्युटर गोठायचा ते निदान दिसत तरी होतं. हे आतल्या आत बदललेलं कुणाला दिसलं असतं?

आमचे डॉक्टर लग्नाहून आल्यावर सगळं सांगितलं. नोकरी गेली, असंच धरून उभी होते. मग ड्रॉवरमधले सह्या केलेले उरलेले कोरे कागद काढून त्यांनी फाडून टाकले.

“तू आकडा तपासला नाहीस. मी तर न बघताच सही केली,” ते म्हणाले. “उद्यापासून रजिस्टर समोर ठेवूनच सही करणार.”

पट्टीशिवाय कॉम्प्युटर पुन्हा गोठला नाही. पुढच्या आठवड्यात मेकॅनिक बदली पट्टी घेऊन आला, तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हटलं. लॅब सोडेपर्यंत मी त्या हळू कॉम्प्युटरवरच काम केलं, आणि छापलेला प्रत्येक आकडा बोट ठेवून मोठ्याने वाचत राहिले.