अकरा नंबरचा शिशिर

वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात तोताराम नानांनी उभी हयात नगांवर नंबर ठोकले. निवृत्तीनंतर माणसं शेत बघतात, फार तर गावच्या भानगडीत पडतात. नाना चित्रं जमवायला लागले. तीही सगळी एकीनंच काढलेली, धुळ्याच्या दीपमालाबाईंनी. गावानं बोलायचं ते बोलून घेतलं. बायकोनं, झुंबरअक्कांनीही सहज म्हणून बाईंचं वय विचारून ठेवलं.

नानांना भुलवलं होतं ते नंबरानं. बाई सातपुड्याचे डोंगर लाकडावर कोरायच्या, त्याचे तीसच छाप काढायच्या, प्रत्येकाखाली पेन्सिलीनं नंबर घालून सही करायच्या आणि ठसा फोडून टाकायच्या. एकतिसावा मागून मिळणे नाही. सहा ऋतूंची सहा चित्रं, आणि प्रत्येकातला अकरा नंबर नानांसाठी राखलेला. पाच भिंतीवर लागली होती. सहाव्या शिशिरासाठी नानांनी खिळा आधीच ठोकून ठेवला होता.

नेमकं तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. नानांनी बाईंना पैसे पोहोचते केले आणि चित्र आणायला अक्कांच्या भावाला, दोंडाईच्याच्या मगनला धाडलं. मगन म्हणजे उत्साहाचं पोतं, तोंड बांधायला सुतळी नाही.

चित्र आलं. नानांनी कागद सोडला. सहीला खेटून काळ्या मार्करनं लिहिलं होतं : ‘लाडके दाजी तोताराम नाना यांना मगनकडून सप्रेम भेट.’

“हे कुणी लिहिलं?”

“मीच लिखं. अक्षर चांगलं शे ना, दाजी?”

“पैसे माझे होते, मगन.”

“पैसा तुमना, पन आनं कोनी? नाव नही टाकं ते लोकेस्ले कसं समजी?”

आहेराची वाटीसुद्धा नाव कोरल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, अशी आपली रीत. मगनचं त्याच्या जागी बरोबरच होतं. पण नानांचे कान लाल झाले. “तुझा भाऊ माझ्या उंबऱ्यावर दिसला तर,” ते अक्कांना म्हणाले. पुढचं वाक्य अक्कांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

नानांनी खोडरबर घासला, मळलेली कणीक फिरवली. मार्कर जागचा हलला नाही, पेन्सिलीचे अकरा मात्र पुसले गेले. शिशिर पेटीत गेला. खिळा रिकामा राहिला आणि नाना येता-जाता त्याच्याकडे बघून दात खाऊ लागले.

मग मगनच्या वास्तुशांतीचं निमंत्रण आलं. “जाणार,” नाना म्हणाले, तेव्हाच अक्कांना संशय यायला हवा होता. पिशवीत नाव कोरायचं मशीन होतं. पंगत बसली तशी नानांनी मगनचं कोरं करकरीत लोखंडी कपाट गाठलं आणि दारावर, आरशाच्या बरोबर वर, हातभर कोरलं : ‘तोताराम नानांकडून सप्रेम भेट.’ आणि शेजारी खुर्ची टाकून बसले.

मगननं वाचलं. पुन्हा वाचलं. त्याचे डोळे भरून आले.

“रूपा,” त्यानं बायकोला हाक मारली, “दाजींनी नाव टाकं. टोपी-टॉवेल आन.”

“अरे, कपाट तुझं आहे. तू घेतलंस,” नाना दातांतून म्हणाले.

“तुमनं मनं काय येगळं शे, दाजी?”

सगळ्या पाहुण्यांसमोर नानांना टोपी घातली, गळ्यात टॉवेल टाकला, कपाटाला टेकवून फोटो काढला. नानांचा चेहरा फोटोत असा आला आहे, जणू कपाट त्यांच्याच पाठीवरून चढवलंय.

अक्कांनी त्या फोटोला चौकट करून आणली. घरात खिळा रिकामा होताच.