काळं शीड

आमच्याकडे फोनवर कोणी मरत नाही. लांजीत कुठंही विचारा. माणूस गेला तरी फोनवर 'बरा आहे, घेऊन येऊन राह्यलो' असंच सांगतात, घरच्यांनी तिथंच हाय खाऊ नये म्हणून. त्यामुळं नागपूरच्या दवाखान्यातून भावाचा फोन आला, "आई बरी आहे, घेऊन येऊन राह्यलो," तसा बाबांचा चेहराच उतरला.

"खरं सांग," बाबा ओरडले.

"खरंच बरी आहे, बाबा!"

बाबांना ते पटेना. शेवटी तेच म्हणाले, "बरी असंल त फाट्यापासून हॉर्न वाजवत ये. नसंल त गुपचूप ये. मले समजते." भाऊ हौ म्हणाला.

दुपारपासून बाबा ओसरीवर रस्त्याकडे तोंड करून बसले. शेजारी मी भावाच्या पोरीचा इंग्रजीचा उतारा घेत होते. परीक्षा तोंडावर होती, आणि मलाही हाताला काम हवं होतं. शाळा हिंदी, त्यामुळं पोरगी हिंदीत विचारायची, मी मराठीत सांगायची. एक ग्रीक राजपुत्र भुलभुलैयात शिरून राक्षसाला मारतो. निघताना बाप सांगतो, जिवंत आलास तर जहाजाला पांढरं शीड लाव, नाहीतर काळंच राहू दे. पोरगा जिंकतो, पण शीड बदलायचं विसरतो. कड्यावरून बाप काळं शीड पाहतो आणि समुद्रात उडी घेतो.

"राजानं उडी काहून घेतली?" मी प्रश्न विचारला.

"क्योंकि बेटा मर गया."

"अवो, मेला कुठं? डोकं गहाण ठेवलं का? नीट वाच!"

"पर राजा के लिए तो मर गया ना, आत्या."

मी तेच लिहायला सांगितलं. बाबा हळूच म्हणाले, "जहाज काठाले लागू द्याचं होतं." मग परत रस्त्याकडं वळले. अंधारून आलं तेव्हा उठले, तोंड धुऊन येतो म्हणाले आणि घरामागं विहिरीकडं गेले.

धुकं उतरलं होतं. बांधावर कापून रचलेले धानाचे पुंजणे माणसं बसल्यासारखे दिसत होते. भिंतीवर गाडीचा उजेड फिरला आणि गाडी अंगणात येऊन थांबली. हॉर्न वाजला नाही. मी वही टाकून धावले.

भाऊ ओठांवर बोट ठेवून उतरला. "झोपली आहे. रस्त्यानं लय हाल झाले तिचे, आत्ताच डोळा लागला." मी मागं डोकावले. चादरीखाली आईचा श्वास वरखाली होत होता. मला हसूच फुटलं.

"आत्या," ओसरीवरून पोरगी म्हणाली, "आबाजी अभी तक नहीं आए. हॉर्न भी नहीं बजा."

घरामागं काही वाजत नव्हतं. बादली नाही, पाणी नाही. ड्रायव्हरच्या खिडकीतून हात घालून मी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला.

"अरे मॅडम, क्या कर रही हो!" ड्रायव्हर ओरडला. आई दचकून उठली. "काय लावलं हे? कोण मेलं?"

"बोल आई! जोरात बोल, शिव्या दे!"

तिनं माझा उद्धार केला, मग भावाचा. बाबा दिसेपर्यंत मी हात काढला नाही. घराच्या कोपऱ्यावरून बाबा भिंत धरत आले. अनवाणी होते. गाडीपासून दूरच थांबले.

"आली का आणली?" त्यांनी मला विचारलं.

"आली जी," आतून आईच म्हणाली. "तुमच्याच उरावर बसाले आली."

बाबा होते तिथंच मातीत बसले आणि पोरासारखे रडले.

सकाळी मी पाण्याला गेले. त्यांच्या चपला विहिरीच्या कठड्यावर होत्या, जोडीनं ठेवलेल्या, तोंड पाण्याकडं. मी त्या आणून खाटेखाली ठेवल्या. बाबांनी पायात घातल्या आणि आईसाठी चहा मांडायला सांगितला.