क्लोव्हिसचं भांडं काळं झालं का?

रवी वानखेडे जन्माने नागपूरचा, भाडं भरतो जर्सी सिटीत आणि अभिमान बाळगतो लुइझियानाचा. माणसाला एका वेळी एकाच गावाचा अभिमान झेपतो, असा माझा पुणेरी समज होता. तो रवीने खोटा ठरवला.

झालं असं, की अमेरिकेत आल्या आल्या त्याच्या कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी लुइझियानातल्या लाफायेत नावाच्या गावी पाठवलं. तिथे त्याने ज्याच्या घरामागची खोली भाड्याने घेतली, तो क्लोव्हिस गिड्री. तेलविहिरींवर काम करून निवृत्त झालेला, बायको गेलेली, मुलं पांगलेली. पहिल्याच रविवारी या म्हाताऱ्याने अंगणात जाळावर बिडाचं एक दांडगं भांडं चढवलं आणि नव्या भाडेकरूला हाक मारली. त्या जेवणानंतर रवी पूर्वीचा राहिला नाही. सावजी रश्श्याच्या आठवणीने हळवा होणारा माणूस जांबलायाच्या आठवणीने हळवा व्हायला लागला.

जांबलाया म्हणजे सॉसेज घातलेला मसालेभात. हे मी इथे लिहितोय, कारण रवीसमोर बोललो तर पान वाढलं जाणार नाही.

"मसालेभात? अबे, तुमच्या पुण्यात भाताला काजू लावून नटवतात. हा भात कमवावा लागते!"

कमवायचा तो असा. सॉसेजच्या चकत्या भांड्यात परतायच्या, थेट बुडाला लागेपर्यंत. लागल्या की पाण्याचा हबका मारून खरवडायच्या. पुन्हा लागू द्यायच्या, पुन्हा खरवडायच्या. बुडाशी जी तपकिरी खरवड धरते, तिच्यात या भाताचा रंग, चव आणि अब्रू. मग चकत्या ताटलीत काढून ठेवायच्या आणि त्या खरवडीवर कांदा, सिमला मिरची आणि सेलरी टाकायची. मग चकत्या परत आत, पाणी, तांदूळ आणि झाकण. एकदा झाकण पडलं की त्याला हात लावायचा नाही. आणि टोमॅटो? "टोमॅटो न्यू ऑर्लीन्सवाले टाकतात," असं रवी म्हणतो. "वरणात गूळ पुणेवाले टाकतात," हेही तो अगदी त्याच सुरात म्हणतो.

आमच्या तीस मजली बिल्डिंगमध्ये हा भात शिजवायला दोन माणसं लागतात. एक परतायला आणि दुसरा छतावरच्या स्मोक अलार्मखाली टॉवेल हलवायला. दुसरा म्हणजे मी. एकदा माझा हात दुखला म्हणून मी मिनिटभर टेकलो, तर त्या फेब्रुवारीच्या थंडीत सगळी बिल्डिंग पायजम्यावर रस्त्यात उभी होती. अग्निशमन दलाची माणसं शिडी घेऊन आली. रवी ॲप्रन घालून त्यातल्या एकाला टोमॅटो का टाकायचा नाही ते समजावत होता.

एवढं करून त्याचा जांबलाया कसा व्हायचा? खरं सांगतो, बरा. पांढुरका, गुळगुळीत आणि बरा. कारण घरात होतं जागृतीचं नॉनस्टिक पातेलं. जागृती म्हणजे रवीची बायको. तिच्या पातेल्याच्या बुडाला काही म्हणजे काही लागत नाही. दर वेळी पहिला घास खाऊन रवी मान हलवायचा. "हात आहे ना भाऊ माझ्याकडे. भांडं नाही."

आणि यंदाच्या मे महिन्यात भांडं आलं.

क्लोव्हिसच्या नातीचा न्यूयॉर्कला पदवीदान समारंभ होता. ऐंशी उलटलेला तो म्हातारा विमानाला नाही म्हणाला आणि पिकअप ट्रक चालवत निघाला, कारण बरोबर त्याच्या आजीपासून चालत आलेलं ते बिडाचं भांडं होतं. त्याने फोनवर स्पष्टच सांगितलं. मुलगा पालापाचोळा खातो. मुलीची शेगडी काचेची आहे, तिच्यावर हे भांडं चालत नाही. "शनिवारी तू यात रांध. मी जेवेन. बरोबर झालं तर भांडं तुझं. नाही झालं तर माझ्याबरोबर परत जाईल."

रवीने फोन ठेवला आणि खुर्चीत बसला. इतकी वर्षं भांड्याच्या नावाने जी बिलं फाडली होती, ती सगळी आता त्याच्या हाताच्या नावावर येणार होती.

त्या दिवसांत घरात आणखी एक माणूस होतं. जागृतीचे वडील, शशिकांतकाका. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलेले. अमेरिकेत त्यांना गाडी चालवता येत नव्हती, टीव्हीवरच्या बातम्या पटत नव्हत्या आणि बागेतल्या बाकावर कुणी राजकारण बोलत नव्हतं. मग त्यांनी सिंक ताब्यात घेतलं. डिशवॉशरवर त्यांचा विश्वास नव्हता. "त्यात भांडी आंघोळ करतात. घासणार कोण?" त्यांच्या राज्यात चहाचा कप रिकामा होण्याची वाट बघितली जात नसे. दोन घोट शिल्लक असताना काका तुमच्यासमोर येऊन उभे राहत, हात पुढे करून, लायब्ररी बंद करायला आलेल्या शिपायासारखे.

शनिवारी सकाळी क्लोव्हिसने भांडं आणून दिलं. आतून बाहेरून काळं कुळकुळीत, चेहरा दिसेल असं. शंभर वर्षांच्या तेलातुपाने त्याला ती झिलई आली होती. "याला साबण माहीत नाही," एवढंच बजावून तो नातीकडे गेला. जेवायला येणार होता दोन वाजता.

अकराला रवीने चकत्या टाकल्या. मी टॉवेल घेतला. आणि काय सांगू, पहिल्यांदाच त्या चकत्या बुडाला लागल्या! रवीने खरवडल्या, पुन्हा लागल्या. घरात असा वास सुटला की जागृती आंघोळीला निघालेली परत फिरली. बुडाशी दाट तपकिरी, चकचकीत थर धरला होता. रवीने चकत्या ताटलीत काढल्या आणि भांड्यात असा डोकावला, जसा बाप पाळण्यात डोकावतो.

तेवढ्यात फोन वाजला. क्लोव्हिस दोन तास आधी येऊन खाली उभा होता आणि त्याचा ट्रक गॅरेजच्या दारात मावत नव्हता.

रवीने गॅस बंद केला. गेस्ट पार्किंगचा पास माझ्याकडे होता म्हणून मीही गेलो. जर्सी सिटीत शनिवारी दुपारी पिकअप ट्रकला जागा शोधणं म्हणजे काय, ते ज्याने शोधली त्यालाच कळेल. पाऊण तास आम्ही तिघं ट्रकच्या पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसून गोल गोल फिरलो. रवी सगळा वेळ खरवडीचं वर्णन करत होता. म्हातारा ऐकत होता आणि हसत होता.

वर आलो. दार उघडलं. घरात लिंबाचा वास होता.

ओट्यावर, पालथं घातलेलं, क्लोव्हिसचं भांडं निथळत होतं. चट्ट्याचट्ट्यांनी राखाडी झालेलं. शेजारी तारेची घासणी, मीठ आणि पिळून काढलेली चार लिंबं. शशिकांतकाका बनियनवर उभे होते, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर कृतार्थ भाव.

"जय भीम, जय भीम, या!" ते क्लोव्हिसला म्हणाले आणि मग जावयाकडे वळून हळूच, "रविराव, पूर्ण जळेल होतं ना ते. पाहुण्यासमोर इज्जत गेली असती. निंघता निंघत नव्हतं बाप्पा. पण मी सोडलं नाही."

सासऱ्यावर ओरडता येत नाही. ही गोष्ट घटनेत लिहिलेली नाही, पण तिच्या खालोखाल पाळली जाते. रवीने घासणी उचलून सिंकमध्ये ठेवली. "छान घासलंत, बाबा," तो म्हणाला.

क्लोव्हिसने भांडं उचललं. उलटं केलं, सुलटं केलं, नाकाशी नेलं. मग विचारलं, "कुणी?"

रवीने एकदा सासऱ्याकडे पाहिलं, एकदा गुरूकडे पाहिलं. "मी," तो म्हणाला. "चुकून. माझ्याकडूनच झालं."

काकांना इंग्रजी बोलायला जमत नसलं तरी कळत सगळं होतं. आपल्या पाऊण तासाच्या घामाचं श्रेय जावई समोर उभं राहून खिशात घालतोय, हे त्यांना सहन होईना. "नो, नो!" ते पुढे आले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "मी! मायसेल्फ! फुल ब्लॅक होतं, सर. आता क्लीन! हे खोटं बोलून राहिले!"

"बाबा!" आंघोळ करून ओल्या केसांनी आलेली जागृती बेडरूमच्या दारातून ओरडली.

"काय बाबा? हात पाहा माझे!"

क्लोव्हिसने त्यांचे हात खरंच पाहिले. लिंबाने चुरचुरलेले, तारेने ओरखडलेले. मग तो ओट्याला धरून हसायला लागला. हसता हसता खाली वाकला, इतका की जागृतीने पाणी आणलं. "रवी," तो श्वास घेत म्हणाला, "तुला खोटं अजिबात बोलता येत नाही. बरं झालं. म्हणजे टोमॅटो टाकत नाहीस, हे खरं असणार."

मग त्याच उघड्याबोडक्या भांड्यात भात शिजला. खरवड नव्हती, कांदा नुसताच मऊ पडला. क्लोव्हिस खुर्ची ओढून शेजारी बसला होता. काकांनी झाकण उचलायला दोनदा हात पुढे केला, दोन्ही वेळा म्हाताऱ्याने त्यावर हलकी चापट मारली. पंक्ती बसल्या. भात हळद विसरलेल्या पोह्यांसारखा दिसत होता.

क्लोव्हिसने पानातलं सगळं संपवलं, आणखी घेतलं, तेही संपवलं. रवीने घासाला हात लावला नव्हता.

"भात चांगला आहे," म्हातारा म्हणाला.

रवीचा चेहरा उतरला. लुइझियानात "भात चांगला आहे" म्हणजे काय, ते तो जाणून होता. आपल्याकडे मुलगी बघून गेलेले लोक "चहा छान होता" म्हणतात, तेच.

"पण निकाल मी देणार नाही," क्लोव्हिस पुढे म्हणाला. "भांडंच उघडं पडलंय, माणसाला काय तपासू? हे पुन्हा काळं करावं लागेल. तेल लावायचं, तापवायचं, निववायचं, पुन्हा तेल लावायचं. माझ्या खांद्याने आता होत नाही. तू कर. काळं झालं की सांग. मी येईन, तू रांध, मग बघू भांडं कुणाचं."

एवढं बोलून त्याने आपलं ताट उचललं आणि काकांच्या हातात दिलं. काका इतके खूश झाले की त्यांनी ते दोनदा घासलं.

त्यानंतर या दोन म्हाताऱ्यांचं जमलं ते जमलंच. काका त्याला सकाळी व्हॉट्सॲपवर कमळाचं चित्र पाठवतात, तो त्यांना पकडलेल्या माशाचं पाठवतो. जूनमध्ये काका नागपूरला परत गेले, तरी कमळं आणि मासे चालूच आहेत.

आणि क्लोव्हिस दर रविवारी रवीला फोन करतो. एकच प्रश्न. काळं झालं का?

रवीने आधी मन लावून काम केलं. तेल काय, ओव्हन काय, जुन्या पंच्याचे तुकडे काय. ऑगस्टपर्यंत भांडं पुन्हा चेहरा दाखवायला लागलं होतं. मी म्हणालो, आता बोलाव म्हाताऱ्याला. रवी म्हणाला, हो ना, बोलावतो. पण सप्टेंबरात पाहतो तर भांडं पुन्हा राखाडी! ऑक्टोबरात काळं, नोव्हेंबरात राखाडी. मला वाटलं इथल्या हवेचा दोष.

गेल्या रविवारी मी न सांगता त्यांच्याकडे गेलो. जागृती बाहेर गेली होती, दार उघडंच होतं. साबणाचं नाव काढलं की कानांवर हात ठेवणारा रवी वानखेडे सिंकशी उभा होता. हातात तारेची घासणी, कोपरापर्यंत फेस.

"रव्या! अरे, हे काय?"

तो दचकला, मग घासायलाच लागला. "हळू बोल बे."

"परीक्षेला घाबरतोस?"

"घाबरतो ना. नापास व्हायचं असलं तर पेपर पुढे ढकलावा, हे इंजिनिअरिंगलाच शिकलो." मग नळ बारीक करून म्हणाला, "आणि काळं झालं, निकाल लागला, की म्हातारा कायले फोन करेल दर रविवारी? त्याची पोरं वर्षातून एकदा करतात."

तेवढ्यात फोन वाजलाच. रवीने साबणाच्या बोटाने स्पीकर लावला.

"काळं झालं का?"

"होत आलं होतं, मिस्टर क्लोव्हिस," रवी म्हणाला. आवाजात केवढं दुःख! "पण काय सांगू, सासऱ्यांनी पुन्हा घासलं."



"दणकट हात आहेत त्यांचे," क्लोव्हिस म्हणाला. "नागपूरहून पोचतात."