एक ढीग, दोन जाळ्या

आमच्या कृषी अभियांत्रिकीच्या वर्गातली मंडळी पुढे काय काय झाली हे ऐकलं, तर त्या कॉलेजात शेती सोडून सगळं शिकवत होते असं कुणालाही वाटेल. एक पोलीस निरीक्षक झाला. एक बँकेत साहेब झाला. एक परदेशात गोठ्यांमध्ये वारा कसा खेळवावा यावर संशोधन करतो, आणि घरी मात्र खिडकी उघडू देत नाही अशी त्याच्या बायकोची तक्रार आहे. परवा जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. प्रत्येकाने उभं राहून आपली कामगिरी सांगायची होती. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "मी एकदा बीड जिल्ह्यात तूर चाळली."

सभागृह हसलं. मी त्यांना पोटभर हसू दिलं आणि मग सुरुवात केली.

साल दुष्काळाचं. सिरसाळ्याच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला एका गावात बायकांनी सहकारी संस्था काढली होती. पत्र्याची शेड, मनात येईल तेव्हा येणारी वीज, आणि मी बसवून दिलेली छोटी डाळ गिरणी. तिचं काम सोपं. आत खरखरीत रूळ फिरतो, भोवती जाळी असते. मधल्या फटीतून तूर घासत जाते, टरफल सुटतं आणि दाण्याची डाळ होते. फट किती ठेवायची, एवढंच इंजिनियरचं काम.

संस्थेच्या अध्यक्षबाई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. रोज सकाळी "जय भीम, इंजिनेरसायेब" म्हणायच्या आणि शेवटचा शब्द असा ताणायच्या, की खरा साहेब कुठे उभा आहे ते मी मागे वळून बघत असे. त्या साली त्यांचा नवरा ऊसतोडीला गेला होता आणि त्या गेल्या नव्हत्या. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. ऊस तोडायला नवरा-बायकोची जोडी लागते. त्यामुळे नवरा एका पुतण्याला जोडीला घेऊन, तोंड फुगवून गेला होता. बाईंनी त्याला बजावलं होतं, "गिरणी चालली तर मी पुन्हा कोयता धरणार न्हाई. न्हाई चालली तर पुढल्या दसऱ्याला तुमच्या आधी गाडीत बसते." आणि गिरणी चालणार की नाही हे ठरणार होतं सोमवारी. मुलींच्या एका वसतिगृहाची स्वयंपाकीण डाळ बघायला येणार होती. तिला पसंत पडली तर वर्षभराची डाळ संस्थेकडून.

पावसाने दगा दिलेला, त्यामुळे डोंगरावरच्या शेतातली तूर मुगाएवढी राहिली होती. ज्यांच्या विहिरीला थोडं पाणी होतं त्यांची टपोरी. कुणाची चांगली, कुणाची वाईट, यावरून कुजबुज सुरू झाली. मी विचार केला, हीच संधी! पोत्यांच्या थप्पीवर चढलो आणि भाषण ठोकलं. सहकार म्हणजे काय, माझं-तुझं म्हणजे काय, सगळ्या घरची तूर एकाच ढिगात पडली पाहिजे! हात वर करून असा थांबलो, की बायकांनी टाळ्याच वाजवल्या. सगळी तूर एकत्र ओतली गेली. कुणाची किडमिडी ते ओळखू येईना, म्हणून डोंगराकडच्या बायका खूश. मी तर फारच खूश.

टरफल सुटावं म्हणून तुरीला तेलपाणी लावून, उन्हात वाळवून, शनिवारी पहिला घाणा लावला. मी खटका दाबला. डाळ आली, पण अर्धे दाणे अंगातला सदरा न काढताच बाहेर. मी फट आवळली. आता टपोऱ्या दाण्यांचा भुगा. फट सैल केली, पुन्हा सदरे. दुपारपर्यंत हेच. मी पट्ट्याला दोष दिला, विजेच्या दाबाला दिला आणि शेवटी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "हवेतल्या आर्द्रतेमुळे होतंय."

"आर्द्रता?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "सायेब, दोन साल झालं आमी तिलाच हुडकतोय. घावली तर आमाला बी दावा."

हसण्याच्या आवाजात वीज जाऊन गिरणी बंद झालेली कुणाला कळली नाही. पण हसू फार टिकलं नाही. चार जणी रिकामी पोती घेऊन आल्या. "आमची आमची तूर द्या. सोमवारच्या बाजाराला नेतो."

"तुमची कंची?" बाईंनी विचारलं.

चौघी ढिगाकडे बघत राहिल्या.

बाईंनी सुपात चार मुठी तूर घेतली आणि घोळत बसल्या. जड दाणे एकीकडे, हलके एकीकडे. मला विचारलं, "ह्या फटीतून एका वक्ताला किती मापाचा दाणा जातो?"

"एकाच."

"आन् ढिगात?"

मी ढिगात हात घातला; मुठीत टपोरे आणि मुगाएवढे दाणे एकत्रच आले.

"कालिजात शिकिवलं न्हाई का हे?"

"शिकवलं होतं. प्रतवारी म्हणतात. त्यात मला पैकीच्या पैकी गुण होते."

"मग कावून केलं न्हाई?"

काय सांगणार? भाषण चांगलं झालं होतं म्हणून! मी पुटपुटलो, "आता ज्याची त्याची वेगळी करायची म्हटलं तर..."

"घराघराची कावून करायची?" बाई कडाडल्या. "एक झाली ती झाली. दाण्यादाण्याची वेगळी करा. दाण्याला आडनाव नसतंय."

मळणी यंत्रवाला शेजारच्या वस्तीवर राहायचा. त्याच्याकडे वेगवेगळ्या छिद्रांच्या जाळ्या असतात, हे बाईंना ठाऊक होतं. मला ते सुचायला हवं होतं. मी मागायला गेलो तर तो खाटेवरून उठलाही नाही. "काय बे, एवढी मोठी मशीन आणली आन् चाळणी मागत फिरतो?" पण जाळ्या दिल्या, दोन.

रविवारभर त्या जाळ्या शेडच्या आडव्या लोखंडी पाइपाला दोरांनी टांगून आम्ही तूर चाळली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला पोती घेऊन आलेल्या त्याच चौघी, आळीपाळीने. संध्याकाळी दोन ढीग झाले. टपोरीला सैल फट, बारकीला आवळ फट. दोन्हींची डाळ पिवळीधमक निघाली.

सोमवारी स्वयंपाकीणबाई आल्या. नमस्कार-चमत्कार नाही. तळहातावर डाळ चोळली, फुंकर मारली, दाताखाली धरली. टपोरीला मान हलवली. मग बारकीच्या पोत्यात हात घातला आणि थांबल्या.

"ही बारकी कुणाची?"

डोंगराकडच्या बायका पायाची नखं बघू लागल्या. अध्यक्षबाईंचा पदर त्यांच्याच मुठीत आवळला गेला होता.

"बेस हाय," स्वयंपाकीणबाई म्हणाल्या. "लवकर शिजंल. शंभर पोरी भुकेनं ताटं वाजवित्यात, तवा कळतंय. टपोरी सणावाराला, ही रोजच्याला. दोन्ही धाडत जावा."

"आमची हाय ती! डोंगराकडची!" एक ओरडली. लगेच दुसरी, तिसरी. विहीरवाली सुद्धा म्हणाली, "आमची बी थोडी होती त्यात."

"कुणाची न्हाई. संस्थेची हाय," बाईंनी सगळ्यांना गप्प केलं आणि फोन घेऊन शेडच्या बाहेर गेल्या. मी दारातच होतो, आणि कान मिटून घ्यायची सोय देवाने केलेली नाही.

"मुकादमाला सांगा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पुढल्या साली आपली जोडी धरू नगा."

पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं झालं.

"एकटं कावून जाता? तुमी बी ऱ्हावा की. हितं पोती उचलायला माणूस लागतंयच."